चांदीची गाडी आणि आमची गाडी

ग्वाल्हेरीत राहणाऱ्या मराठी गृहस्थाच्या वाट्याला काही कर्तव्ये जन्मतःच येतात. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवावा, तानसेनाच्या समाधीपाशी न्यावे, आणि शेवटी जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहात उभे करून, "ही पाहा ती चांदीची आगगाडी" असे सांगावे. आणि तेही जणू ती आपल्याच तीर्थरूपांनी घडविली असावी अशा थाटात! हे कर्तव्य आम्ही आजवर किती वेळा बजावले याची गणती नाही.

ही गाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. लांबलचक मेजावर रूळ मांडलेले आहेत. त्यांवरून विजेवर चालणारी ही चिमुकली गाडी मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन सरदार-पाहुण्यांपुढून फिरत असे. कोणी सुरई उचलली की गाडी जागच्या जागी थांबे आणि सुरई परत ठेवली की चालू लागे, असे सांगतात. वीज जुळली की चाल आणि तुटली की मुक्काम, एवढेच त्या चमत्काराचे मर्म. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या 'फ्रीडम ॲट मिडनाईट' या पुस्तकात या गाड्यांच्या फजितीचीही एक कथा आहे. व्हाइसरॉयसाहेबांच्या मेजवानीच्या रात्री नियंत्रणाच्या फलकात कुठेशी शॉर्ट सर्किट झाले, गाड्या बेफाम सुटल्या आणि मान्यवरांच्या उंची पोशाखांवर रश्शाचा अभिषेक झाला. ही कथा पाहुण्यांना सांगून आम्ही दरवेळी मनमुराद हसत आलो. दुसऱ्याच्या फजितीला हसावयास पदरचे काही खर्चावे लागत नाही. पुढे एक दिवस आमच्याही मेजावरची गाडी अडली, आणि त्या दिवसापासून ती कथा सांगताना आमचे हसू थोडे आखडते झाले आहे.

त्याचे असे झाले. आमचा पुतण्या जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी करतो. लहानपणी श्योपूरकडे जाणारी छोट्या रुळांची गाडी पाहण्यासाठी तो आमचे बोट धरून स्टेशनावर तासन् तास उभा राही. ती गाडी २०२० साली बंद पडली, पण पुतण्याचे वेड काही सुटले नाही. गेल्या खेपेस दिवाळीला आला तेव्हा त्याने एक भले मोठे खोके आमच्यापुढे ठेवले. आत तीन इंजिने, दिव्यांचे डबे, रूळ, सांधे आणि ती सारी गाडी चालविणारे एक नियंत्रणयंत्र होते. "काका, हे तुमच्या शाळेसाठी. पण कपाटात कुलूपबंद करून ठेवायचे नाही, मुलांच्या हाती द्यायचे," अशी अट त्याने घातली. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाचा स्वभाव तो पुरता ओळखून होता, हे यावरून दिसेल.

ही गाडी अस्सल गाडीच्या १:८७ प्रमाणातली. दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर. पण तिचे वैशिष्ट्य आकारात नाही, चालण्यात आहे. जुन्या पद्धतीच्या विजेच्या खेळण्यात रुळांना शून्यापासून बारा व्होल्टपर्यंत वीज देत. वीज वाढविली की गाडी वेगाने पळे, उलट जोडली की मागे येई. एकाच रुळांवर दोन इंजिने ठेवली तर बिचारी दोन्ही एकदमच धावत. नव्या, म्हणजे अंकीय पद्धतीत रुळांवर सदैव पूर्ण दाब असतो. आमच्या यंत्रात तो पंधरा व्होल्ट होता. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढे एक यंत्र असते, त्याला स्वतःचा क्रमांक असतो. नियंत्रणयंत्र त्याच रुळांतून निरोप धाडते: तीन क्रमांकाने चालावे, पाच क्रमांकाने दिवा लावावा. ज्याचा निरोप त्याने ऐकावा, इतरांनी सोडून द्यावा. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेतील हौशी मंडळींच्या राष्ट्रीय संघटनेने १९९० च्या दशकात याचे मानक ठरविले, आणि आज निरनिराळ्या कंपन्यांची इंजिने एकाच रुळांवर एकाच आज्ञेत नांदू शकतात.

निरोप विजेतून जातो तरी कसा, हे आमच्यासारख्या मराठीच्या एम. ए. ला समजावे म्हणून पुतण्याने बरीच खटपट केली. अखेर आम्हीच त्याला म्हणालो, "अरे, हे तर लघु-गुरू!" आणि ते खरेच तसे निघाले. रुळांतील वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा पालटते. सेकंदाचे दहा लाख भाग कल्पिले, तर एक पालट ५८ भाग टिकला की तो लघु, आणि १०० किंवा त्याहून अधिक भाग टिकला की तो गुरू. लघु म्हणजे एक, गुरू म्हणजे शून्य. अशा लघु-गुरूंची ओळ बांधून निरोप जातो, आणि शेवटी ताळा पाहण्यासाठी काही अक्षरे असतात. ताळा जुळला नाही, म्हणजे मध्येच कोठे यतिभंग झाला, तर इंजिन तो निरोप मानीतच नाही. पुन्हा येणाऱ्या पूर्ण निरोपाची वाट पाहते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती आमच्यावरच उलटणार आहे.

शाळेच्या वार्षिक विज्ञान प्रदर्शनात गाडी मांडावयाचे ठरले. अकरावीतल्या एका मुलाकडे आम्ही ते काम सोपविले. त्याच्या वडिलांचे मोटार वाइंडिंगचे छोटे दुकान आहे, त्यामुळे पोरगा तारांत वाढलेला. (मुलगा हिंदीभाषी, त्याचे बोलणे येथे आमच्या मराठीत देत आहोत.) सभागृहाच्या एका टोकाला बाकांवर फळ्या टाकून त्याने रुळांचे लांबट कडे मांडले. पाहुण्यांना बटणे दाबता यावीत म्हणून नियंत्रणयंत्र व्यासपीठावर ठेवावे, ही सूचना आमची. मुलगा घुटमळला. म्हणाला, "सर, यंत्र लांब गेले तर जाड तार लागेल. दीड चौरस मिलिमीटरची. आणि रुळांना एकाच ठिकाणी तार जोडून भागणार नाही, दर मीटर-दीड मीटरला जोडावी लागेल. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबता येत नाही."

आकस्मिक खर्चाच्या शीर्षात तेव्हा किती रुपये उरले होते ते सांगण्यात हशील नाही. कपाटात शाळेच्या घंटेसाठी आणलेल्या बारीक तारेचे भेंडोळे पडले होते. ते त्याच्या हाती देत आम्ही म्हणालो, "तार ती तार. खेळण्यातल्या गाडीला का विजेच्या खांबावरची तार लागते?" मुलगा काही बोलला नाही. मुख्याध्यापकापुढे विद्यार्थी गप्प राहिला म्हणजे त्याला पटले, असा आमच्या व्यवसायातला एक जुना गैरसमज आहे.

आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. एक इंजिन सोडले, ते झोकात फिरले. आम्ही समाधानाने घरी गेलो.

प्रदर्शनाच्या दिवशी शहरातली वीज जाईल ही एकच धास्ती आम्हांला होती. म्हणून शेजारच्या गृहस्थांकडून इन्व्हर्टर मागून आणला, बॅटरीत पाणी घातले, अगदी सारा बंदोबस्त केला. त्या दिवशी वीज एक क्षणभरही गेली नाही. प्रमुख पाहुणे आले, हारतुरे झाले, त्यांनी बटण दाबले. तिन्ही इंजिने दिव्यांच्या डब्यांसह निघाली आणि टाळ्या पडल्या. पलीकडच्या वळणावर पोहोचता पोहोचता दिवे मंदावले. गाड्यांनी पाय ओढावयास सुरुवात केली. सांध्यावर जेथे रूळ रुळाला छेदतो तेथे बोटाच्या पेराएवढा एक प्लास्टिकचा तुकडा असतो, त्यात वीज नसते. वेगातले इंजिन तो सहज ओलांडते. आमचे सर्वांत लहान, चारचाकी इंजिन बरोबर त्यावर जाऊन बसले, थरथरले आणि थिजले. मागचे त्याच्यावर आदळले. मुलगा बोटाने ढकलू लागला, तसे ते वीतभर पुढे जाई आणि पुन्हा थांबे. पाहुणे हसून म्हणाले, "भारतीय रेल्वेचे प्रतिरूप अगदी हुबेहूब साधले आहे!" सभागृहात हशा पिकला.

त्या हशाने आमचा तोल गेला. ध्वनिक्षेपक समोरच होता हेही भान राहिले नाही. "सांगितलेले एक काम तुला धड करता येत नाही. पूर्वतयारी नाही, जबाबदारीची जाणीव नाही," असे, आणि आणखीही काही, आम्ही त्या मुलाला तीनशे विद्यार्थ्यांदेखत सुनावले. त्याने मान खाली घातली आणि इंजिने एकेक करून खोक्यात ठेवली. गडबडीत एकही इंजिन आडवे पडू दिले नाही. हे आम्हांला तेव्हा दिसले होते. त्याचा अर्थ नंतर लागला.

दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

रात्री पुतण्याचा फोन आला. गाडी कशी झाली, हे त्याने उत्साहाने विचारले. आम्ही शहरातली वीज, जर्मन यंत्रे आणि हल्लीची मुले या तिघांना यथेच्छ दोष दिला. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "काका, यंत्रापासून रुळांपर्यंत तार कोणती घातली होती?" आम्ही सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग तो म्हणाला, "मग गाडी थांबली हे ठीकच झाले. थांबली नसती तर काळजी होती. काही जण इंजिनात कंडेन्सर बसवतात. वीज तुटली तरी ते थोडा वेळ दम धरते. पण ती मलमपट्टी. आधी तार आणि रूळ नीट करा."

चौथ्या दिवशी आम्ही त्या दुकानी गेलो. वडील मोटारीत तांब्याचे वेढे भरीत बसले होते. उठून त्यांनी स्टूल पुसून दिले आणि "मास्साब, बसा" म्हणाले. मुलगा आतल्या बाजूस उभा होता. आम्ही तारेचा विषय काढताच ते हसले. "वीज आणि पाणी सारखेच, मास्साब. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी नळी बारीक असेल, तर शेवटच्या घरी थेंबच पोहोचणार. आणि मधल्या घरांनी तोट्या उघडल्या, की तोही नाही." मग मुलाकडे वळून म्हणाले, "जा, मास्साबना दाखव."

शाळेत सामान अजून मांडलेलेच होते. मुलाने खिशातून मोटारीचा बारा व्होल्टचा बल्ब काढला. यंत्रालगत जोडला तेव्हा तो डोळे दिपतील असा पेटला. तोच पलीकडच्या रुळांवर जोडला, तर निवत्या निखाऱ्यासारखा तांबूस दिसू लागला. एवढे पुरे होते. पण त्याने फळ्यावर हिशेबही मांडला. आमची तार ०.२ चौरस मिलिमीटरची. जाणारी पंधरा मीटर, येणारी पंधरा मीटर, मिळून तीस. तिचा रोध सुमारे २.६ ओहम. एका इंजिनाला अर्ध्या अँपिअरहून कमी वीज लागते, तेव्हा तारेत जेमतेम एक व्होल्ट खर्च होतो. म्हणून तालमीच्या दिवशी सारे आलबेल. तीन इंजिने आणि दिव्यांचे डबे मिळून दोन अँपिअर घेऊ लागले की पाच व्होल्टांहून अधिक वाटेतच गळतात. पंधराचे दहासुद्धा उरत नाहीत. त्यातून पुढे रुळांचा आणि सैल जोडपट्ट्यांचा हिस्सा. दीड चौरस मिलिमीटरची तार असती तर तेवढ्याच वाटेत व्होल्टसुद्धा पुरता गेला नसता.

"आणि सर, आणखी एक," असे म्हणून त्याने दोन रुपयांचे नाणे काढले आणि सर्वांत दूरच्या वळणावर दोन्ही रुळांवर आडवे ठेवले. रुळांवर असा धातू पडला तर तीन अँपिअरची मर्यादा ओलांडली जाऊन यंत्राने तत्क्षणी वीज तोडावयास हवी. ते त्याचे संरक्षण. यंत्र तोडीना. बारीक तार आणि सैल जोड यांनी वीज इतकी अडवून धरली होती, की ती मर्यादेपर्यंत पोहोचतच नव्हती. यंत्राला वाटत होते, सारे काही ठीक आहे. काही क्षणांतच भिंतीपाशी आम्ही स्वहस्ते पिळून पट्टी गुंडाळलेल्या जोडातून जळका वास येऊ लागला. मुलाने चट्‌दिशी नाणे उचलले. त्या जोडाशेजारीच, प्रदर्शनाच्या दिवशी, सहावीच्या मुलांना आम्ही सतरंजीवर बसविले होते.

काही वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग विचारले, "तुला हे आधी ठाऊक होते?" तो म्हणाला, "धोक्याचे नव्हते ठाऊक, सर. गाडी मंदावणार हे ठाऊक होते. मी तुम्हांला सांगितले होते." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. खरोखरच त्याने सांगितले होते. अर्धवट निरोप आला तर तो टाकून पूर्ण निरोपाची वाट पाहावी, एवढी अक्कल नखाएवढ्या यंत्रात असते. आम्ही तर पूर्ण आलेला निरोप ताळा न पाहताच टाकून दिला होता.

घरी येऊन सौ.ना म्हणालो, "उद्या त्याला ऑफिसात बोलावून चार बऱ्या गोष्टी सांगतो." भाजी निवडता निवडता त्या उत्तरल्या, "रागावलात ते भरल्या सभेत, आणि समजूत घालणार ती ऑफिसात होय?" तीस वर्षांच्या संसारात आमचा युक्तिवाद एवढ्या थोडक्या शब्दांत क्वचितच निकालात निघाला असेल.

शनिवारच्या बालसभेत आम्ही उभे राहिलो. भाषणाचा आम्हांला सराव आहे. त्या दिवशी मात्र कागद हातात असूनही पहिले वाक्य सापडेना. शेवटी साधेच बोललो. गाडी थांबली ती या मुलामुळे नव्हे. त्याने योग्य तार मागितली होती, ती आम्ही दिली नाही. दोष आमचा होता आणि बोल त्याला लावला. त्याबद्दल आम्ही त्याची सर्वांसमक्ष क्षमा मागतो. सभागृहात विलक्षण शांतता होती. मुलांनी मुख्याध्यापकाला पुष्कळदा रागावताना पाहिलेले असते. हे त्यांना नवे होते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांलाही.

पुढच्या आठवड्यात जाड तार आली. तिचे पैसे कोणत्या शीर्षातून गेले ते सौ.ना विचारावे. यंत्र रुळांपासून तीन मीटरवर आणले. दर सव्वा मीटरला रुळांना सोल्डर करून तार जोडली. पिळून पट्टी लावलेला एकही जोड ठेवला नाही. चुन्याच्या धुळीने काळवंडलेले रूळ आणि चाके स्पिरिटच्या फडक्याने पुसली. मग मुलाने कड्यावर फूटफूटभर अंतराने ते नाणे ठेवून पाहिले. दरवेळी यंत्राने टक् करून वीज तोडली. एकेका 'टक्'बरोबर आमचा जीव थोडाथोडा भांड्यात पडत गेला. त्यानंतर तिन्ही गाड्या दिव्यांसह सोडल्या. ते लहानगे चारचाकी इंजिन सांध्यावर आले, किंचित लुकलुकले आणि पार झाले. टाळ्या वाजवावयास तेव्हा सहावीची मुले तेवढी होती. आम्हांला ती पुष्कळ वाटली.

आता आमच्या नियमांत एक भर पडली आहे. रुळांवर गाडी ठेवण्यापूर्वी नाण्याची परीक्षा, आणि तीही सर्वांत दूरच्या टोकाला. यंत्रालगतचा दिवा नेहमीच झगझगीत असतो. त्यावरून काही ठरवू नये. मूळ गावापासून लांब राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे निराळे सांगावयास नकोच. शाळेतही आम्ही आता पहिल्या बाकावरून वर्गाची परीक्षा करीत नाही; मागच्या भिंतीपर्यंत जातो आणि तेथे काय पोहोचले आहे ते विचारतो. पुष्कळदा उत्तर तांबूस असते. मग तार तपासतो. आपलीच.

परवा पुण्याहून पाहुणे आले होते. रिवाजाप्रमाणे त्यांना राजवाड्यात नेले, चांदीची गाडी दाखविली, व्हाइसरॉयसाहेबांची कथाही सांगितली. मंडळी पोटभर हसली. त्यांतल्या एका चिरंजीवांनी विचारले, "मग त्या रात्री महाराज कुणावर रागावले असतील हो, काका?" प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर काही आमच्यापाशी नव्हते. आम्ही खिशातले दोन रुपयांचे नाणे चाचपले आणि पाहुण्यांना म्हणालो, "चला, आता आमची गाडी दाखवितो."